गेर्दीनचा वाडगा

जेरेमी गावच्या शनिवारच्या बाजारात अनोंसिया दोर्वील कुठे बसते हे कुणाला विचारावं लागत नाही. मुसळांचा आवाज येतो त्या दिशेने चालायचं. लाकडी उखळात उकडलेला नीरफणस असतो आणि दोन बायका समोरासमोर उभ्या राहून कांडत असतात. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. टोम, टोम. पदार्थाचं नावही तेच पडलंय, टोमटोम. कांडून कांडून फणसाचा गुळगुळीत, लवचीक गोळा होतो. त्याचा लचका तोडायचा, भेंडी-खेकड्याच्या कालवणात बुडवायचा आणि तसाच गिळायचा. चावायचा नाही. चावणारा माणूस बाहेरचा.

मागच्या वर्षी राजधानीतून बोटीने आलेला एक सरकारी साहेब बाकावर बसला आणि सावकाश चावून खाऊ लागला.

"मिस्ये," इल्फ्रीझ मुसळ न थांबवता म्हणाली, "त्यात हाडं नाहीत. शोधू नका."

"चावल्याशिवाय चव कशी कळणार, मादाम?"

"घशाला कळते. माझ्या आजीच्या तोंडात एकही दात नव्हता, ती तुमच्या दुप्पट खायची."

साहेबाने पुढचा घास गिळून पाहिला. त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"कळली बघा," इल्फ्रीझ म्हणाली. बाकावरची माणसं हसली.

अनोंसिया कालवण वाढत होती. बोलणं इल्फ्रीझचं आणि रांधणं अनोंसियाचं, अशी वाटणी अठ्ठावीस वर्षांपासूनची. इल्फ्रीझ तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. शिवाय अनोंसियाच्या एकुलत्या मुलीची, गेर्दीनची, धर्ममाता. त्या नात्याने दोघी एकमेकींना कोमेर म्हणतात.

बाजारात येणारी ओळखीची माणसं खाऊन उठताना एक प्रश्न विचारतात. "गेर्दीनची काही खबर?"

"अजून नाही," अनोंसिया म्हणते आणि ताटली विसळायला घेते. ताटल्या मोजक्याच आहेत. एकाने खाऊन दिल्याशिवाय दुसऱ्याला वाढता येत नाही.

ती त्रेसष्ट वर्षांची आहे. नदीच्या वरच्या अंगाला डोंगरात जन्मली आणि आईच्या उखळाजवळ उभी राहून कांडायला शिकली. तेव्हा मुसळ तिच्या उंचीहून मोठं होतं. टोमटोम कुठून आलं असं तिने एकदा विचारलं, तेव्हा आई म्हणाली होती, "गिनेहून, समुद्रापलीकडच्या आपल्या मूळ देशातून. जहाजात घातलं तेव्हा आपल्या माणसांच्या अंगावर कापड ठेवलं नव्हतं, पण हात तर बरोबरच आले ना." गुलामांच्या मालकांना हे हाताने गिळायचं खाणं किळसवाणं वाटे, म्हणून त्यांनी त्याला कधी हात लावला नाही, असंही आई म्हणे. अनोंसियाला एवढाच इतिहास ठाऊक आहे आणि तो ती कुणाला सांगत बसत नाही.

लग्न झालं तेव्हा ती आईचं उखळ घेऊन दोर्वीलांच्या अंगणात आली. एका अंगणाभोवती चार घरं, मागे नीरफणसाची अकरा झाडं, आणि कडेला पूर्वजांची लहानशी खोली. दोन जानेवारीला त्या खोलीत घरच्या मृतांची पानं वाढतात. वाढण्याचं काम सासूकडे होतं. सासू थकली तेव्हा सगळ्यांना वाटलं की ते आता तिच्या मुलीकडे, इल्फ्रीझकडे जाणार. सासूने सुनेला बोलावलं.

"इल्फ्रीझच्याने गप्प राहवत नाही आणि चाखल्याशिवाय राहवत नाही," ती म्हणाली. "मेलेल्यांना दोन्ही खपत नाही."

मृतांचं रांधताना बोलायचं नसतं, चाखायचं नसतं, आणि मीठ घालायचं नसतं. मीठ जिवंतांचं. मेलेल्याच्या पोटात मीठ गेलं तर त्याला पाण्याखालून गिनेला परतता येत नाही. जिवंत माणसाला अळणी वाढणं म्हणजे त्याच्यावर माती लोटणं. म्हणून त्या दिवशी दोन चुली पेटतात. डाव्या चुलीवर मातीचं भांडं, त्यात मृतांचं अळणी कालवण, ढवळायला लाकडी पळी. उजव्या चुलीवर ॲल्युमिनियमचं पातेलं, त्यात घरच्यांचं कालवण, खारवलेलं डुकराचं मांस घातलेलं. पळीही ॲल्युमिनियमची. एकीकडची पळी दुसरीकडे जात नाही.

आईने डावलल्याचं इल्फ्रीझने तोंडाने कधी बोलून दाखवलं नाही. तिने मिठावर राग काढला. अठ्ठावीस वर्षांत अनोंसियाच्या हातचं मीठ तिला एकदाही बरोबर लागलेलं नाही. "समुद्र ओतलास का, कोमेर?" नाहीतर, "मिठाला काय जहाजाने यायचं होतं, जहाज चुकलं वाटतं?" अनोंसियालाही त्याची सवय झाली होती. वाढून झालं की ती मान तिरकी करून इल्फ्रीझच्या शेऱ्याची वाट बघे.

दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरात वादळ आलं. अकरांतली नऊ झाडं एका रात्रीत आडवी झाली. उखळ खालच्या ओढ्यात सापडलं. तीन माणसांनी दोर बांधून वर ओढलं. पुढच्या पावसाळ्यात नवरा मेरिल्युस तापाने गेला. अनोंसियाने पडलेल्या झाडांच्या मुळांचे फुटवे काढून लावले. ते फळायला पाच वर्षं लागली. तोवर तिने दुसऱ्यांच्या झाडांचे फणस आणून बाजार चालवला आणि गेर्दीनला राजधानीत नर्सिंगच्या शाळेत ठेवलं.

गेर्दीनला मिठाचं वेड होतं. लहानपणी ती जाड्या मिठाच्या पोत्यात बोट घालून चाटत बसे. निळ्या काठाच्या पांढऱ्या एनॅमलच्या वाडग्यात तिला वाढायचं, आणि वरून तिच्या हातावर चिमूटभर मीठ ठेवायचं. दुसऱ्या भांड्यात ती जेवत नसे. मोठी झाल्यावर ब्लड प्रेशरवरचे धडे पाठ करतानाही ती मीठ चाटत असे, असं इल्फ्रीझ सांगते.

तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात सुट्टी संपवून ती परत निघाली. बोट एक दिवस उशिरा सुटणार होती आणि तिची परीक्षा होती. ती बसने गेली. राजधानीच्या दक्षिणेकडचा रस्ता तेव्हाही बंदूकवाल्यांच्या हातात होता, पण बसवाले पैसे भरून जात. वाटेतल्या पेती-ग्वाव्हहून तिने फोन केला. "मामा, दोन तासांत पोचते. केळीवाल्याने फसवलं, केळी सगळी कच्ची निघाली." फोन तिथे संपतो. बस अडवली गेली. अकरा जण दुसऱ्या दिवशी चालत परत आले. त्यातला एक म्हणाला, तरुण मुलींना वेगळं उतरवलं. दुसरा म्हणाला, मागून गोळ्यांचा आवाज आला. तिसऱ्याने काहीच पाहिलं नव्हतं. खंडणीचा फोन आला नाही. प्रेत सापडलं नाही. पोलिसांनी नाव लिहून घेतलं.

त्यानंतर आलेल्या दोन जानेवारीला अनोंसियाने सहा मृतांची सहा पानं वाढली, आणि घरची माणसं जेवायला बसली तेव्हा उजव्या चुलीवरच्या पातेल्यातून, मीठ असलेलं, गेर्दीनच्या वाडग्यात वाढलं. फडकं झाकून फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच गार गिळलं. कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी इल्फ्रीझ म्हणाली, "उंदरांची चंगळ करतेस." त्यावर दोघी एक आठवडा बोलल्या नाहीत. त्या शनिवारी मुसळं मात्र चालली; कांडायला बोलावं लागत नाही.

यंदाच्या एक जानेवारीला चारही घरं अंगणात भोपळ्याचं सूप पीत बसली होती. घरातला सगळ्यांत थोरला माणूस, मेरिल्युसचा काका द्यूफोर; काका म्हणून सगळे त्याला तोंतों म्हणतात. त्याने वाटी खाली ठेवली.

"पोरगी स्वप्नात आली होती."

"कुठली पोरगी?" अनोंसिया म्हणाली.

"तुला माहीत आहे कुठली."

"काय म्हणाली?"

"काही नाही. उभी होती. उपाशी होती."

"बोलली नाही, तर उपाशी होती हे कसं कळलं, तोंतों?"

"मी ऐंशी वर्षं या देशात काढलीयत. उपाशी माणूस कसा उभा राहतो ते मला सांगावं लागत नाही."

कुणीतरी हसलं.

"तुमच्या स्वप्नात यायला तिला वेळ आहे, आणि माझ्या नाही?"

"तुझ्याकडे कशी येईल? तू आतून कडी लावून बसलीयस," म्हातारा म्हणाला. तो आवाज चढवत नाही. "तीन वर्षं झाली. मेलेल्याला पान नाही मिळालं तर तो वाटेत अडकतो. इकडचा नाही, तिकडचा नाही. आई असून तू तिला रस्त्यावर उभी ठेवलीयस. उद्या सातवं पान वाढ."

"प्रेत दाखवा. वाढते."

"या देशात प्रेत मिळणारे नशीबवान," इल्फ्रीझ म्हणाली. "कोमेर, मी तिला पाण्यातून वर घेतलीय, बाप्तिस्मा केलाय. मला काय आनंद होतो का हे बोलताना?"

"तुला नेहमीच माझं चुकलेलं दिसतं. मीठ कमी, मीठ जास्त. आता मुलगी मेलेली."

इल्फ्रीझ शेजारच्या रिकाम्या वाट्या एकीत एक घालू लागली.

"तिचं जेवण माझ्या पातेल्यातलं," अनोंसिया म्हणाली. "मिठाचं. मी आहे तोवर. नाहीतर उद्या तुमचं तुम्ही रांधा."

तिच्याशिवाय दुसरं कुणी रांधू शकत नव्हतं. सासूने नाव तिचं घेतलं होतं. म्हाताऱ्याने वाटी उचलली आणि उरलेलं सूप पिऊन टाकलं.

दोन जानेवारीला ती उजाडायच्या आत उठली. दोन्ही चुली पेटवल्या. मृतांचा फणस साध्या पाण्यात उकडला, घरच्यांचा मिठाच्या. मृतांचा घाणा एकटीने कांडायचा असतो. एका मुसळाचा आवाज चारही घरांत ऐकू जातो आणि तो संपेपर्यंत कुणी स्वयंपाकघराच्या दारात येत नाही. तिचा उजवा खांदा दुखत होता. ती मध्ये दोनदा थांबली.

फळीवरचा पांढरा वाडगा तिने आधीच काढून, घासून ठेवला होता. एरवी तो सगळ्यांची जेवणं सुरू झाल्यावर निघे. यंदा वाद झालाच तर हाताशी असावा म्हणून तिने तो पानांजवळ ठेवला होता.

केळीच्या पानावर तिने तुंब्याच्या सहा वाट्या मांडल्या. ज्याने ही जमीन घेतली त्या आजोबांची, त्यांच्या दोन बायकांची, सासऱ्यांची, सासूची, मेरिल्युसची. प्रत्येकीत एक गोळा, वर दोन पळ्या कालवण. तेवढ्यात इल्फ्रीझ कुडाबाहेरून ओरडली, "कोमेर, खेकडे उरलेत त्यांचं काय करू? पोरं पळवतायत!" उत्तर देता येत नव्हतं. अनोंसियाने कुडावर हात आपटला, म्हणजे थांब. मेरिल्युसची वाटी भरली. वाडगा भरला, त्यावर फडकं झाकलं, फळीवर सरकवला. मग सहा वाट्या दोन फेऱ्यांत पूर्वजांच्या खोलीत नेल्या, चटईवर मांडल्या, उसाच्या दारूचे तीन थेंब जमिनीवर सोडले आणि दार ओढून घेतलं.

"आता बोल," ती बाहेर येऊन इल्फ्रीझला म्हणाली. "काय खेकडे खेकडे लावलं होतंस?"

दुपारी अंगणात चटया पडल्या. घरच्यांचा घाणा दोघींनी मिळून कांडला. पंचवीस माणसं जेवली. तोंतों द्यूफोर फळीकडे बघत होता. फळी स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून दिसत होती, तिच्यावर झाकलेला वाडगाही दिसत होता. त्याचं ते बघणंच अनोंसियाला सहन होईना.

"बघताय काय, तोंतों? विचारा की."

"मी काय विचारू?"

ती उठली, वाडगा घेऊन आली, फडकं काढलं आणि इल्फ्रीझसमोर धरला.

"घे. तू खा. आणि सगळ्यांदेखत सांग, मेलेल्याचं आहे की जिवंताचं."

"कोमेर, बस खाली."

"खा म्हणते ना. अठ्ठावीस वर्षं माझं मीठ जोखतेयस. आज जोख."

इल्फ्रीझने लचका तोडला, कालवणात बुडवला, गिळला. तिचा हात वाडग्याच्या काठावर तसाच राहिला. शेजारी एक पोर खेकड्याची नांगी दगडाने फोडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"आहे," इल्फ्रीझ म्हणाली.

"काय आहे?"

"मीठ. आहे."

"किती?"

"बरोबर आहे," इल्फ्रीझ म्हणाली. "अगदी बरोबर आहे, कोमेर. दे, मी ठेवते वर." तिने वाडगा घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

अनोंसियाने वाडगा सोडला नाही. ती उभ्या उभ्या इल्फ्रीझच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने दोन बोटांनी लचका तोडला, बुडवला, तोंडात घातला. गिळला नाही. जिभेवर धरून ठेवला, मग दाढेखाली घेतला आणि चावू लागली. बाजारात आलेल्या एखाद्या बाहेरच्या माणसासारखी, सावकाश. भेंडी होती, खेकडा होता, मिरची होती.

कुठे झालं ते तिला आठवलं. इल्फ्रीझ ओरडली, तिने कुडावर डावा हात आपटला. उजव्या हातात पळी होती. पळी लाकडी होती. मेरिल्युसची वाटी भरल्यावर हात पुढे सरकला आणि ओळीतलं पुढचं भांडं भरलं. ॲल्युमिनियमची पळी तिने सकाळभरात उचललीच नव्हती. ती पातेल्यात पडून तापली होती आणि पहिल्यांदा धरली तेव्हा दुपार झाली होती आणि बोट भाजलं होतं.

"चुकून झालं," इल्फ्रीझ हळूच म्हणाली. "मी ओरडले म्हणून. माझ्यामुळे. ओतून टाक, पातेल्यातलं वाढ. आहे अजून पातेल्यात."

"तुझ्यामुळे नाही."

"तोंतों, सांगा ना तिला, चूक होती, ती धरायची नसते."

म्हातारा जमिनीकडे बघत होता. कालपासून तो ज्यासाठी भांडत होता ते झालं होतं, आणि तो एकदम फार म्हातारा दिसत होता. "पाहिजे तर ओत, पोरी," तो म्हणाला. "मी काही म्हणणार नाही."

पातेल्यात कालवण होतं. ओतायला जागाही होती, डुकरं कुडापलीकडे वाटच बघत होती. अनोंसिया वाडगा घेऊन अंगण ओलांडून पूर्वजांच्या खोलीकडे गेली.

पूर्वज जेवत असताना आत जायचं तर आधी दार वाजवावं लागतं. तिने तीनदा वाजवलं. त्यांना सावरायला जेवढा वेळ द्यायचा असतो तेवढा वेळ थांबली. आत गेली. चटईच्या कडेला, मेरिल्युसच्या वाटीशेजारी, वाडगा ठेवला. तुंब्याच्या सहा वाट्यांच्या शेवटी एनॅमलचं ते भांडं पाहुण्यासारखं दिसत होतं. दारूची बाटली तिथेच होती. तिने तीन थेंब सोडले. नाव घ्यायचं असतं. तिने पूर्ण नाव घेतलं, गेर्दीन मारी दोर्वील. बाहेर अंगणात ते सगळ्यांना ऐकू आलं.

संध्याकाळी पुन्हा दार वाजवून इल्फ्रीझने भांडी बाहेर आणली. मृतांनी जेवून उरलेलं जिवंतांना चालतं, ते पोरांना वाटतात, तसं वाटलं. पोरांनी वाडग्यातलं खाल्लं आणि तोंड वाकडं केलं.

त्या आठवड्यात अनोंसिया आजारी पडली नाही, कुणाशी भांडली नाही. फणस उतरवून घेतले, भेंडी निवडली. शनिवारी बाजारात गर्दी होती. नववर्षाची बोट आली होती आणि बाकाजवळ माणसं ताटलीची वाट बघत उभी होती. ती पिशवीत वाकली आणि आणखी एक भांडं काढून वाढू लागली.

ज्याला वाढलं तो मासे विकणारा ओळखीचा होता. त्याने वाडगा हातात फिरवून निळा काठ पाहिला.

"नवीन घेतलंस वाटतं, मावशी?"

"जुनंच आहे."

त्याने खाल्लं, हात धुतला, वाडगा परत दिला. उठताना नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं. इल्फ्रीझने मुसळ उखळात जोरात घातलं. "खाल्लंस ना? मग ऊठ, मागे माणसं उभी आहेत."

अनोंसियाने वाडगा विसळला आणि त्यात पुढच्याला वाढलं.